वर्ल्ड चॅम्पियनशिप दिल्लीत, दुकान चिखलदऱ्यात: हिशोब पहिल्या राउंडचा करा



या आठवड्याच्या व्हिडिओत वेळ कमी पडला. आकडे भरभर सांगितले गेले. म्हणून तोच धडा इथे सावकाश लिहितो. वही-पेन घेऊन बसा. मोबाइलचा कॅल्क्युलेटर चालेल, पण आकडे वहीत उतरवा.

विषय बॅडमिंटनचा आहे. ऑगस्ट 2026 मध्ये नवी दिल्लीत बॅडमिंटनची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा, म्हणजे वर्ल्ड चॅम्पियनशिप होणार आहे. याआधी ही स्पर्धा आपल्या देशात एकदाच झाली, 2009 साली हैदराबादला. म्हणजे तब्बल 17 वर्षांनी ती परत येतेय. टीव्हीवर जाहिराती येतील, मोबाइलवर रील येतील, पोरं गल्लीत रॅकेट घेऊन उतरतील. आणि आपल्यासारख्या धंदेवाल्यांच्या डोक्यात एकच विचार येईल: यात आपल्याला काय विकता येईल?

हाच विचार घेऊन माझ्या बॅचमधला एक मुलगा माझ्याकडे आला. परतवाड्याचा आहे, वय तेवीस, मोबाइलच्या दुकानात कामाला. म्हणाला, "भाऊ, ऑगस्टमध्ये वर्ल्ड चॅम्पियनशिप आहे. तेव्हाच चिखलदऱ्याले सीझन फुल राह्यते. खेळाच्या सामानाचं दुकान टाकतो. तीन लाख जमून राह्यले. टाकू काय मंग?"

तीन लाखांत एक लाख आईचे होते. शिवणकाम करून दहा-बारा वर्षांत जमवलेले. दोन लाखांचं कर्ज काढायचं होतं.

मी त्याला "टाक" म्हणालो नाही आणि "नको टाकू" असंही म्हणालो नाही. "आठ दिवसांनी वही घेऊन ये," एवढंच म्हणालो. त्या वहीत आम्ही काय लिहिलं, तोच आजचा धडा.

आधी माझी चूक ऐका

ऑगस्ट 2016. रिओ ऑलिम्पिक चालू होतं. पी. व्ही. सिंधू फायनलला पोचली आणि 19 ऑगस्टला रौप्यपदक जिंकली. मी नुकताच बीबीए करून वडिलांच्या दुकानात बसायला लागलो होतो. चिखलदऱ्यात आमचं जनरल स्टोअर. छत्र्या, रेनकोट, टोप्या, बॅटरी, बिस्किटं, खेळणी, असं सगळं.

मला वाटलं, आता देश बॅडमिंटन खेळणार. दुसऱ्याच दिवशी माल मागवला. बाबांनी सोयाबीनचे ठेवलेले पैसे त्यात घातले. यादी अशी होती:

- स्वस्तातल्या रॅकेटच्या 40 जोड्या, 350 रुपयांप्रमाणे: 14,000
- चांगल्या 60 रॅकेट, 700 रुपयांप्रमाणे: 42,000
- पिसांच्या शटलचे 40 डबे, 500 रुपयांप्रमाणे: 20,000
- जाळ्या, ग्रिप, बॅगा: 6,000
- एकूण: 82,000 रुपये

ऑगस्ट संपला तेव्हा विक्री किती झाली होती? 7 जोड्या, 4 चांगल्या रॅकेट, शटलचे 2 डबे. गल्ल्यात आले 8,800 रुपये. 82,000 टाकून 8,800!

का, ते मला तेव्हा कळलं नाही. आज शाळकरी पोरगंही सांगेल. ऑगस्टमध्ये चिखलदऱ्यात काय असतं? झड आणि धुकं. देवी पॉइंटला उभं राहिलं तर समोरची दरी दिसत नाही, तिथे शटल कुठे दिसणार? पर्यटक आला की त्याला गरम कणीस पाहिजे, चहा पाहिजे, रेनकोट पाहिजे. रॅकेट घेऊन तो करणार काय?

खरा फटका वेगळाच होता. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात गणपतीची सुट्टी आली, गर्दी झाली आणि माझे रेनकोट संपले. नवीन मागवायला हातात पैसे नव्हते. पैसे भिंतीवर लटकत होते. दोन-तीन दिवसांत शंभरेक गिऱ्हाईकं परत गेली असतील. एका रेनकोटमागे 80 रुपये सुटायचे. म्हणजे 8,000 रुपये दारातून आले आणि दारातूनच गेले. हा तोटा कुठल्याच बिलावर दिसत नाही. कॉलेजात याला संधीचा खर्च म्हणतात. मी पेपरात त्याची व्याख्या लिहून मार्क घेतले होते. दुकानात कळायला सोयाबीनचे पैसे गेले.

स्वस्तातल्या उरलेल्या 33 जोड्या दिवाळीच्या सुट्टीत गेल्या. पाऊस थांबला होता, लोक लेकरं घेऊन आले होते, हवा कोरडी होती. त्यांना सिंधूचं पदक आठवतही नव्हतं. त्यानंतर लगेच नोटबंदी लागली आणि चांगल्या रॅकेट तशाच राहिल्या. पिसांच्या शटलला इथल्या ओलीचा कुबट वास लागला. बाबा एक दिवस भिंतीकडे पाहून म्हणाले, "चांदी तिले भेटली अन् उधारी आपल्याले."

2017 ला ऑलिम्पिक नव्हतं. तरी दिवाळीत स्वस्तातल्या जोड्या विकल्या गेल्या. तेव्हा डोक्यात उजेड पडला. ते गिऱ्हाईक स्पर्धेचं नव्हतंच. ते सुट्टीचं होतं.

पोस्टरवरचा आकडा आणि हातात येणारा आकडा

आता खेळाडूंचा हिशोब पाहू. धंद्याचं गणित त्यात फार छान दिसतं.

दिल्लीत दर जानेवारीत इंडिया ओपन होते. ती सुपर 750 दर्जाची स्पर्धा आहे. 2025 मध्ये तिची एकूण बक्षीस रक्कम होती 9,50,000 डॉलर. हिशोबापुरता डॉलर 90 रुपये धरू. म्हणजे साडेआठ कोटींच्या वर. हा पोस्टरवरचा आकडा.

आता तो वाटला कसा जातो, ते एकेरीसाठी पाहा:

- विजेता: 66,500 डॉलर
- उपविजेता: 32,300
- सेमीफायनलला हरणारा: 13,300
- क्वार्टर फायनलला हरणारा: 5,225
- दुसऱ्या राउंडला हरणारा: 2,850
- पहिल्या राउंडला हरणारा: 950

एकेरीत 32 खेळाडू असतात. पहिल्या राउंडला त्यातले 16 बाहेर पडतात. म्हणजे जगातले निवडक 32 खेळाडू बोलावले, तरी निम्म्यांच्या हातात 950 डॉलर, आपले 85,500 रुपये येतात. विजेत्याला त्याच्या 70 पट. आणि त्या 85,500 मागे वर्षभराचा कोच, फिजिओ, आहार आणि सराव असतो.

तुम्ही म्हणाल, विजेता होण्याची स्वप्नं पाहायची नाहीत का? जरूर पाहायची. जानेवारी 2022 मध्ये याच इंडिया ओपनमध्ये आपल्या नागपूरच्या मालविका बनसोडने सायना नेहवालला 21-17, 21-9 असं हरवलं. दुसऱ्याच राउंडला. तेव्हा ती वीस वर्षांची होती. विदर्भाच्या पोरीने ऑलिम्पिक पदकविजेतीला हरवलं, तेव्हा अशक्य काही नाही. पण खेळाडू जिंकायच्या इराद्याने उतरतो आणि खर्चाची तयारी मात्र पहिल्या राउंडला हरलो तर काय, अशी ठेवतो. तसं नाही केलं तर दुसऱ्या स्पर्धेला जायला तिकिटाचे पैसे उरत नाहीत.

धंद्यातही हेच. मेहनत फायनलची करा, खर्च पहिल्या राउंडचा करा. आजच्या धड्यातलं हे एक वाक्य वहीत मोठ्या अक्षरात लिहा.

आता गंमत ऐका. वर्ल्ड चॅम्पियनशिपला तर रोख बक्षीसच नसतं. शून्य. तरी जगातला प्रत्येक मोठा खेळाडू तिथे यायला धडपडतो. कशासाठी? पदकासाठी, रँकिंगच्या गुणांसाठी, नावासाठी. सिंधू 2019 मध्ये बासेलला जगज्जेती झाली, ते नाव आजही तिच्यासोबत आहे. मुंबईचा चिराग शेट्टी आणि त्याचा जोडीदार सात्विकसाईराज यांनी 2022 आणि 2025 मध्ये कांस्य मिळवलं, ते नावही राहिलं. पैसे त्या आठवड्यात मिळत नाहीत. नाव मिळतं, आणि पुढे त्या नावावर काम मिळतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी परत येऊ.

परतवाड्याच्या मुलाची वही

आठ दिवसांनी तो वही घेऊन आला. तीन लाख असे वाटले होते:

- दुकानाचं डिपॉझिट: 30,000
- फर्निचर, बोर्ड, लाइट: 40,000
- माल: 2,00,000
- हातात शिल्लक: 30,000

मग आम्ही दर महिन्याचा ठरलेला खर्च लिहिला. दुकान चालो न चालो, हा द्यावाच लागतो:

- भाडं: 6,000
- लाइट बिल, फोन, जाणं-येणं: 1,500
- कर्जाचा हप्ता (2 लाख, 12 टक्के, 3 वर्षं): साधारण 6,650
- घरी द्यायचे: 8,000
- एकूण: 22,150

खेळाच्या सामानात सरासरी 100 रुपयांच्या विक्रीमागे 25 रुपये सुटतात असं धरलं. मग 22,150 सुटायला महिन्याला विक्री किती पाहिजे? 22,150 ला 0.25 ने भागा. उत्तर 88,600. म्हणजे रोज जवळपास 3,000 रुपयांचा माल, बाराही महिने.

इथे तो थोडा गप्प झाला. 2011 च्या जनगणनेत चिखलदऱ्याची वस्ती जेमतेम पाच हजार. बाकी सगळं पर्यटकांवर. शनिवार-रविवार वाहतूक जाम होते आणि मंगळवारी दुकानासमोर माकडं बसलेली असतात.

मग आम्ही वर्षाचे महिने तीन भागांत वाटले. जुलै ते सप्टेंबर तीन महिने जोराचे. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर आणि मे हे चार मध्यम. बाकी पाच महिने थंड. आणि दोन पानं लिहिली.

पान पहिलं, फायनल. सगळं मनासारखं झालं तर. जोराच्या महिन्यात विक्री 1,60,000, मध्यम महिन्यात 80,000, थंड महिन्यात 30,000.

- जोराचा महिना: सुटले 40,000, खर्च जाऊन उरले 17,850. तीन महिन्यांचे 53,550.
- मध्यम महिना: सुटले 20,000, कमी पडले 2,150. चार महिन्यांचे उणे 8,600.
- थंड महिना: सुटले 7,500, कमी पडले 14,650. पाच महिन्यांचे उणे 73,250.
- वर्षाअखेर: उणे 28,300.

परत वाचा. हे चांगल्या वर्षाचं पान आहे. ऑगस्ट दणक्यात गेला, तरी वर्षाअखेर हातातली 30,000 ची शिल्लक जवळपास संपली.

पान दुसरं, पहिला राउंड. जोराच्या महिन्यात विक्री 1,00,000, मध्यम महिन्यात 60,000, थंड महिन्यात 20,000.

- जोराचे तीन महिने: महिन्याला 2,850 उरले, एकूण 8,550.
- मध्यम चार: महिन्याला 7,150 कमी, एकूण उणे 28,600.
- थंड पाच: महिन्याला 17,150 कमी, एकूण उणे 85,750.
- वर्षाअखेर: उणे 1,05,800.

त्याला म्हटलं, आता महिन्या-महिन्याने जा. जुलैला हातात 30,000. सप्टेंबरअखेर 38,550. मग ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर दर महिन्याला 7,150 वजा, उरले 17,100. जानेवारीत 17,150 वजा. जानेवारीच्या शेवटी गल्ल्यात काय? उणे 50 रुपये. आणि फेब्रुवारीचा हप्ता दारात उभा.

लक्षात घ्या, हा नफा-तोट्याचा ताळेबंद नाही. हप्त्यात कर्ज फिटतंय, दुकानात माल पडलाय, हे खरं. पण बँक हप्त्यात रॅकेट घेत नाही. दुकानं तोट्याने बंद पडण्याआधी रोकड संपल्याने बंद पडतात. म्हणून नवीन माणसाने आधी रोकडीचा हिशोब करावा.

तो म्हणाला, "भाऊ, तुम्ही स्वप्नच लहान करून टाकलं."

मला वाईट वाटलं. कारण त्याचा चेहरा 2016 मधल्या माझ्यासारखाच दिसत होता. फरक इतकाच की माझं वाटोळं झाल्यावर हिशोब झाला होता, त्याचा आधी झाला.

गिऱ्हाईक कोणतं ते ओळखा

बॅडमिंटनच्या नावाने तीन प्रकारची माणसं दिसतात.

पहिला बघणारा. तो टीव्हीसमोर बसतो, टाळ्या वाजवतो, स्टेटस ठेवतो. यांची संख्या सगळ्यात मोठी आणि खरेदी सगळ्यात कमी. स्पर्धा वाढवते ती यांची गर्दी.

दुसरा हौशी. वर्षातून दोनदा सुट्टीत रॅकेट हातात घेतो. त्याला स्वस्त जोडी आणि नायलॉनचं शटल पुरतं. तो येतो कोरड्या हवेत, लेकरांच्या सुट्टीत.

तिसरा रोज खेळणारा. सकाळी सहाला किंवा रात्री आठला हॉलवर जातो. त्याची शटल रोज फुटतात, ग्रिप झिजते, रॅकेटची तार तुटते, बूट घासतात. त्याला कुठली स्पर्धा चालू आहे याच्याशी घेणं-देणं नाही. हा संख्येने सगळ्यात कमी, पण बारा महिने येतो.

हा तिसरा चिखलदऱ्यात फारसा नाही. तो परतवाडा-अचलपूरला आहे, अमरावतीला आहे. अमरावतीला खेळाची परंपरा जुनी. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून उभं आहे, त्यांचं पथक 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकवेळी आपले खेळ दाखवून आलं. जिथे माणसं शंभर वर्षं रोज घाम गाळतात, तिथे सामानाची मागणी स्पर्धेची वाट पाहत नाही. मी त्याला म्हटलं, तू राहतोस परतवाड्यात आणि गिऱ्हाईक शोधतोस घाट चढून!

माल ओळखा: हवासुद्धा बघावी लागते

दुसरी चूक मी माल घेताना केली होती. पिसांच्या शटलला 16 पिसं असतात, वजन 4.74 ते 5.50 ग्रॅम. ते बंद हॉलमध्ये चालतं. उघड्यावर वाऱ्याने कुठेही जातं. आणि मी ते कुणाला विकणार होतो? हॉटेलच्या लॉनवर खेळणाऱ्यांना.

नायलॉनच्या शटलवर रंगाची पट्टी असते. हिरवी म्हणजे हळू, निळी मध्यम, लाल वेगवान. चिखलदरा समुद्रसपाटीपासून 1,100 मीटरच्या वर आहे. उंचावर हवा विरळ, त्यामुळे शटल जास्त लांब जातं. मैदानी गावात बरोबर पडणारं शटल इथे रेषेबाहेर पडतं. म्हणून आपल्याकडे हळू शटल ठेवावं लागतं. एकदा स्वस्त मिळाली म्हणून मी लाल पट्टीची पेटी आणली, गिऱ्हाईक दोन दिवसांत परत घेऊन आलं. व्यापाऱ्याने फसवलं नव्हतं, मीच विचारलं नव्हतं.

तपासायची पद्धत नियमात दिली आहे. कोर्टाच्या मागच्या रेषेवर उभं राहून खालून पूर्ण ताकदीने सरळ मारा. शटल समोरच्या मागच्या रेषेच्या अलीकडे 530 ते 990 मिलिमीटरच्या मध्ये पडलं तर वेग बरोबर. दुकानदाराने हे एकदा स्वतः करून बघावं. गिऱ्हाईकाला "हे आपल्या हवेला चालतं" असं खात्रीने सांगणारा दुकानदार ऑनलाइनवाल्यांपेक्षा पुढे राहतो.

एक धोक्याची सूचना. स्पर्धेचा लोगो किंवा खेळाडूचा फोटो परवानगीशिवाय टी-शर्टवर छापून विकू नका. त्यावर हक्क असतात. शंभर टी-शर्टच्या नफ्यापेक्षा एक नोटीस महाग पडते.

इव्हेंट संपतो, कधी कधी होतच नाही

प्रीमिअर बॅडमिंटन लीग आठवते? 2018 च्या डिसेंबरात त्यात पुण्याची नवी टीम उतरली, पुणे सेव्हन एसेस. अभिनेत्री तापसी पन्नू तिची मालकीण. 2020 च्या सुरुवातीचा हंगाम झाला आणि मग लीग थांबली. इंडिया ओपन 2020 आणि 2021, दोन्ही वर्षं कोरोनामुळे झाली नाही. जो कुणी फक्त या तारखांवर विसंबून माल भरून बसला असेल, त्याने काय करायचं? स्पर्धेची तारीख आपल्या हातात नसते. हप्त्याची तारीख मात्र पक्की असते.

मोठे आयोजकसुद्धा एकदम उडी घेत नाहीत, तेही पाहा. जानेवारी 2026 ची इंडिया ओपन नेहमीचा हॉल सोडून इंदिरा गांधी स्टेडियममध्ये घेतली. कारण वर्ल्ड चॅम्पियनशिपची ती रंगीत तालीम होती. तिथे पक्ष्यांच्या विष्ठेमुळे प्रणॉयची मॅच थांबवावी लागली, बातम्या झाल्या. नाचक्की झाली खरी. पण दोष तालमीत सापडला, दुरुस्त करायला सात महिने मिळाले. तुमच्या दुकानातले पक्षीही तालमीतच सापडू द्या.

मग त्याने काय ठरवलं

कर्ज काढलं नाही. आईच्या एक लाखातले 75,000 खात्यात परत ठेवले. 25,000 वर तालीम करायची ठरवली. मोबाइलच्या दुकानातली नोकरी चालूच.

पहिलं काम, परतवाड्यात रॅकेटची तार बसवायला शिकायचं, ज्याला खेळाडू गटिंग म्हणतात. मशीन विकत घ्यायची नाही. ज्याच्याकडे आहे त्याच्या हाताखाली शिकून, भाड्याने वापरून सुरुवात. समजा 20 रोजचे खेळाडू जोडले आणि प्रत्येकाने दोन महिन्यांतून एकदा गटिंग केलं. महिन्याला 10 गटिंग, मजुरी 120 धरली तर 1,200. महिन्याला शटलचे 12 डबे, डब्यामागे 60 सुटले तर 720. एकूण 1,920. दोन हजारही नाहीत. पण वर्षाचे 23,040 होतात, आणि डोक्यावर हप्ता नाही.

दुसरं काम, चिखलदऱ्यात मामाच्या चहा-कणसाच्या गाडीवर दिवाळीच्या सुट्टीत 30 स्वस्त जोड्या ठेवायच्या. खरेदी 10,500. सगळ्या 500 ने गेल्या तर 15,000. पहिल्या राउंडला हरला, म्हणजे निम्म्याच गेल्या, तर 7,500 हातात आणि 15 जोड्या शिल्लक. अडकले 3,000. तीन लाख नाही, तीन हजार.

आणि वर्ल्ड चॅम्पियनशिपचा आठवडा? तो त्याने विक्रीसाठी ठेवलाच नाही. आधी म्हटलं होतं ना, खेळाडूसुद्धा तिथे रोख बक्षिसासाठी जात नाहीत. तो त्या आठवड्यात रोज हॉलवर जाणार, कालच्या मॅचवर गप्पा मारणार, कोणाची कुठली रॅकेट, किती दिवसांनी तार तुटते, शटल कुठून आणतात, हे वहीत लिहिणार. आठवड्याच्या शेवटी त्याच्याकडे वीस नावं आणि वीस नंबर असले पाहिजेत. लोकांच्या तोंडी बॅडमिंटन असतं तेव्हा ओळख करून घ्यायला पैसे लागत नाहीत.

हे चालेलच, अशी हमी मी देत नाही. न चाललं तर त्याची आई पुन्हा दहा वर्षं मशीनवर बसणार नाही, एवढं मात्र वहीत दिसतंय.

तुमचा गृहपाठ

तुमचा धंदा बॅडमिंटनचा नसेल. यात्रा असेल, पोळ्याचा बाजार असेल, लग्नसराई असेल, निवडणूक असेल. प्रश्न हेच:

1. माझा दर महिन्याचा ठरलेला खर्च किती? घरी द्यायचे पैसे धरून लिहा. ते सगळे विसरतात.
2. तो भागायला महिन्याला किती विक्री पाहिजे?
3. गर्दी ओसरल्यावर, सगळ्यात थंड महिन्यात माझ्याकडून कोण घेणार? पाच माणसांची नावं लिहा. नावं सुचत नसतील तर तिथेच थांबा.
4. पहिल्या राउंडला हरलो तर किती पैसे अडकतील आणि ते कोणाचे आहेत?
5. हेच पैसे दुसरीकडे लावले असते तर काय झालं असतं? म्हणजे तुमचा रेनकोट कोणता?
6. इव्हेंटच्या आधी छोटी तालीम कुठे आणि किती पैशांत करता येईल?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर लिहून झालं की ते वही उघडून घरी दाखवा. ज्यांचे पैसे आहेत, त्यांना आकडा आधी माहीत पाहिजे. मी 2016 ला बाबांना दाखवला नव्हता.

आमच्या दुकानात त्या साठ रॅकेटपैकी एक अजून भिंतीवर आहे. विकायला नाही. नवीन माल मागवायला फोन उचलला की नजर तिकडे जाते, आणि मी आधी कॅलेंडरवर झडीचे महिने बघतो.

पुढच्या व्हिडिओत उधारीची वही कशी ठेवायची ते पाहू. तोवर दोन्ही पानं लिहून ठेवा, फायनलचं आणि पहिल्या राउंडचं. भेटू.